न मोजलेली पंधरा रीडिंग

माझा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर भंगारातून आला. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. वडिलांना वॉशिंग मशिनची जुनी मोटर हवी होती म्हणून आम्ही दोघं चिखलीकडच्या भंगार बाजारात गेलो, आणि परदेशातून आलेल्या टाकाऊ यंत्रांच्या ढिगात मला हा काळा ठोकळा दिसला. मागे कुठल्याशा शाळेचं अर्धं खरवडलेलं स्टिकर होतं. सेलच्या कप्प्याचं झाकण गायब. दुकानदाराच्या वजनकाट्यातले चार सेल काढून घातले तर स्क्रीनवर अक्षरं उमटली, आणि मी तो हातातून खाली ठेवलाच नाही.

इथल्या कुठल्याच परीक्षेत तो चालत नाही. त्यामुळे माझ्या ओळखीत एकाही माणसाकडे तसा नव्हता, आणि मला तेच आवडलं. त्याच्यावर प्रोग्राम लिहिता येतात हे कळल्यावर तर मी जेवणाच्या ताटावरही तो घेऊन बसायला लागले. आई म्हणायची, लोकांच्या मुली फोनवर बोलतात, आमची रिमोटशी बोलते. मी त्याच्यावर सापाचा खेळ लिहिला, फासे टाकून खेळायचा लुडो लिहिला, वडिलांसाठी विजेच्या बिलाचा हिशेब लिहिला, जो त्यांनी एकदाही वापरला नाही.

या यंत्राचं वेड असलेल्या लोकांचा इंटरनेटवर एक अड्डा होता. तिथे मी कुणी तरी होते. एकदा एका नवख्या मुलाने विचारलं, माझ्या खेळात फासे रोज सकाळी त्याच क्रमाने का पडतात? मी त्याला सविस्तर समजावलं. यंत्राला मनात येईल तो आकडा काढता येत नाही. आत एक न संपणारी ठरलेली यादी आहे असं समज; यंत्र दर वेळी त्यातला पुढचा आकडा देतं. सेल निघाले, मेमरी पुसली गेली, की यादी पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरू होते. म्हणून यादी कुठून सुरू करायची ते आधी आपण सांगावं. त्या उत्तराला बऱ्याच जणांनी दाद दिली. मी शहाणी होते, आणि आपण शहाणी आहोत हे मला जरा जास्तच ठाऊक होतं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं मला म्हणता येत नाही.

डिप्लोमा झाल्यावर चाकणला एका कंपनीत क्वालिटीमध्ये लागले. गाड्यांना लागणाऱ्या शाफ्ट बनवायची कंपनी. कंपनीची बस काळेवाडीहून सुटायची, मी चिंचवडला चढायचे. पहिल्या थांब्यावर चढून खिडकी धरलेले एक गृहस्थ रोज माझ्यासाठी शेजारची जागा पिशवी ठेवून राखायचे. सगळी कंपनी त्यांना काका म्हणायची. पन्नाशी ओलांडलेले, आयटीआय झालेले, वडील पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्यात भट्टीवर होते. काका माझ्यासारखेच इन्स्पेक्टर, पण ठेकेदाराच्या हजेरीवर. आमच्या साहेबांनी त्यांना या वर्षी कायम करतो असा शब्द दिला होता. हाच शब्द ते गेली काही वर्षं ऐकत होते, पण या वेळी कागद वर गेला होता. कायम झाल्यावर गळ्यात ठेकेदाराच्या निळ्या पट्टीऐवजी कंपनीच्या लाल पट्टीचं कार्ड येतं. काकांनी एकदा बसमध्ये माझं लाल पट्टीचं कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत दिलं.

मोजायचं काम मला त्यांनी शिकवलं. दर तासाला मशिनवरून लागोपाठचे पाच पीस घ्यायचे, पंचवीस मिलिमीटरच्या वर किती मायक्रॉन आणि खाली किती ते चार्टवर लिहायचं, सरासरी काढून ठिपका द्यायचा, ठिपके जोडायचे. काका आधी मोजायचं गेज नेमक्या मापाच्या मास्टर पीसला लावून तपासायचे. मग शाफ्ट कापडाने पुसून, गेजमध्ये फिरवून, आकडा मोठ्याने उच्चारायचे. "तीन." मग लिहायचे. "उणे एक." मग लिहायचे. मशिनच्या आवाजात ते एकटेच आकडे बोलत उभे असायचे आणि पोरं त्यांची नक्कल करायची. मीही केली आहे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आकडा आधी तोंडानं बोलायचा, ताई, मग हातानं लिहायचा. तोंडानं बोललेलं खोटं लिहायला माणसाला लाज वाटते."

मला हे वाक्य गोड वाटलं. गोड वाटणं आणि पटणं यात फरक असतो.

माझ्याकडे चार मशिन होती. त्यात नवीन पार्टचे कागद, ग्राहकाच्या तक्रारी, साहेबांच्या हाका. दर तासाला चार मशिनवर पाच-पाच पीस मोजणं एका माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं आणि हे सगळ्यांना माहीत होतं. साहेब एवढंच म्हणायचे की चार्ट रिकामा दिसता कामा नये. तो दिसायचा नाही. शिफ्ट संपता संपता लोक कॅन्टीनमध्ये बसून आकडे भरायचे. त्याला आमच्याकडे चार्ट बसवणं म्हणत. काका सोडून सगळे चार्ट बसवायचे.

मला त्या बसवलेल्या आकड्यांचा राग यायचा, आणि लाज वाटायला हवी ती गोष्ट अशी की राग खोटेपणाचा नव्हता, खोटं बेंगरूळ असल्याचा होता. माणूस मनाने आकडे लिहितो तेव्हा लागोपाठ दोनदा तोच आकडा लिहीत नाही. शून्य टाळतो. खरे आकडे असे सोवळ्यात राहत नाहीत. खऱ्यात तीनला लागून तीन येतो आणि पुन्हा तीन येतो. मला वाटलं, हे आपल्याला जमेल.

आठवडाभर खपून मी कॅल्क्युलेटरवर प्रोग्राम लिहिला. मधले आकडे जास्त, टोकाचे कमी. शाफ्ट कापणारं टूल घासलं जातं तशी रीडिंग हळूहळू वर सरकायची आणि टूल बदललं की पुन्हा खाली यायची. बटण दाबलं की एक रीडिंग. आज लिहितानाही कान गरम होतात, पण तेव्हा मला तो माझा सर्वांत देखणा प्रोग्राम वाटला होता. अड्ड्यावर मी तो टाकलासुद्धा, कशासाठी आहे ते न सांगता. लोकांनी टूल घासण्याच्या भागाचं कौतुक केलं.

एकच गोष्ट मी त्यात घातली नाही. यादी कुठून सुरू करायची ते सांगणारी ओळ. गरज वाटली नाही. मी प्रोग्राम वापरायचे दुपारी, आणि तोवर कॅन्टीनमध्ये लुडोचे फासे टाकून टाकून यादी कुठल्या कुठे गेलेली असायची.

पण माझ्या कॅल्क्युलेटरला झाकण नव्हतं. सेल मी पालेभाजीच्या जुडीच्या रबराने बांधले होते. मोठे सेल निघाले तरी मेमरी धरून ठेवणारा आतला बटणाएवढा सेल केव्हाच गळून हिरवा पडला होता, तो मी उपटून टाकला होता. मोशी ओलांडली की बस एका खड्ड्यात अशी आदळायची की पिशवीतले डबे वाजायचे, आणि माझे सेल जागचे हलायचे. कंपनीत पोचून कॅल्क्युलेटर सुरू केला की मेमरी पुसली गेल्याची पाटी दिसायची. प्रोग्राम मी न पुसल्या जाणाऱ्या कप्प्यात ठेवले होते, त्यामुळे मी ती पाटी न वाचताच पुढे जायचे. सगळ्या जगाला जे शिकवलं ते मला रोज सकाळी माझंच यंत्र सांगत होतं.

त्या सोमवारी सकाळीच साहेबांनी मला बैठकीला बोलावलं. जाण्याआधी मी माझ्या दुसऱ्या मशिनचे पहिले तीन तास घाईघाईने बसवून टाकले. बसमधून उतरून, थेट. लुडो न खेळता.

गुरुवारी सकाळी काकांचा फोन आला. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि पट्टी काढायला डॉक्टरांनी सकाळचीच वेळ दिली होती. साहेबांना सांगितलंय, तीन तास उशिरा येतो, तेवढं माझं मशिन बघाल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यात काय, मी मोजते. हा शब्द मी वापरला, मोजते. आणि बसमधून उतरून, हातात चहाचा कप धरून, त्यांच्या चार्टवर पंधरा रीडिंग भरली. वेळ नव्हता असं म्हणायची सोय नाही. त्या दिवशी वेळ होता. सवय झाली होती.

काका आले. चार्ट पाहून म्हणाले, बरं झालं, पीस छान चालू आहेत. सोळाव्या रीडिंगपासून त्यांनी स्वतः मोजायला घेतलं, मोठ्याने बोलत. शिफ्ट संपल्यावर खाली सही केली. चार्टवर एकच सही असते.

दोन आठवड्यांनी ग्राहक कंपनीचे ऑडिटर आले. शांत माणूस. दोन-तीन महिन्यांचे चार्ट चाळता चाळता त्यांनी दोन कागद बाजूला काढले, एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेवर धरले. मागून उजेड आला. पहिल्या तीन तासांच्या रेषा एकमेकींवर अशा बसल्या की एकच रेष दिसत होती. त्यांनी आकडे ताडले. पंधराच्या पंधरा तेच, त्याच क्रमाने. एक सोमवारचा चार्ट, माझ्या मशिनचा, माझी सही. दुसरा गुरुवारचा, काकांची सही.

मला त्याच क्षणी कळलं. मोशीचा खड्डा.

साहेबांनी अर्ध्या तासाने सगळ्यांना खोलीत बोलावलं. तो अर्धा तास माझ्याकडे होता. मी पाण्याच्या कूलरजवळ उभी होते, तिथे काका आले. त्यांनी आवाज खाली आणला नाही, चढवलाही नाही.

"ताई, गुरुवारचं तुमी मोजलं व्हतं ना?"

मी कूलरच्या नळाकडे बघत म्हणाले, "हो, काका."

खोट्या रीडिंगची मला लाज वाटते, पण ती लाज मी सगळ्या खात्याबरोबर वाटून घेऊ शकते. हा 'हो' फक्त माझा आहे.

खोलीत साहेबांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि काकांकडे वळले. माझ्याकडे नाही. एवढी वर्षं झाली काका, कॉपी कशाला करायची, जमत नव्हतं तर सांगायचं, असं ते जवळजवळ मायेने म्हणाले. सोमवार आधी आला आणि गुरुवार नंतर, त्यामुळे कॉपी कुणी केली याचा उलगडा सगळ्यांना आपोआप झाला होता. मी तर खात्यातली हुशार मुलगी. शिवाय माझं आडनाव आणि काकांचं आडनाव यांतला फरक त्या खोलीत कुणी उच्चारला नाही. गरज पडली नाही. तो फरक माझ्या बाजूने काम करतोय हे मला कळत होतं आणि मी तो करू दिला.

काका उभे राहिले. "कॉपी न्हाई, सायेब," ते म्हणाले. "मोजलेलं हाय."

ऑडिटर सौम्यपणे म्हणाले, वेगवेगळ्या मशिनवर, वेगवेगळ्या दिवशी, पंधरा रीडिंग एकासारखी एक येतील का? काकांनी पुन्हा तेच सांगितलं, मोजलेलं आहे. कुणी तरी हसलं. मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, कारण मी टेबलाच्या कडेचा सुटलेला सनमायका नखाने दाबत होते. सांगणं सोपं होतं. ते उशिरा आले होते, मी भरलं, हा घ्या कॅल्क्युलेटर. तो माझ्या एप्रनच्या खिशातच होता. माझं प्रोबेशन संपून नेमणूक त्याच महिन्यात पक्की व्हायची होती. मी सनमायका दाबत राहिले.

ते उशिरा आल्याचं साहेबांनाही ठाऊक होतं. त्यांनाही ते आठवलं नाही. पण त्यांच्या विसरण्यामागे मी लपणार नाही.

काकांच्या हातातलं गेज काढून घेतलं. त्यांना पॅकिंगला टाकलं, खोक्यांवर लेबलं चिकटवायला. वर गेलेला कागद वरच राहिला आणि अकरा महिन्यांनी, ठेक्याचं वर्ष संपल्यावर, ठेकेदाराने त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या अकरा महिन्यांत बसमध्ये माझी जागा राखणारी पिशवी नाहीशी झाली. ते पुढच्या बाकावर, ड्रायव्हरच्या मागे बसायला लागले. मी मागच्या दाराने चढायचे, मागच्या दारानेच उतरायचे. माझी नेमणूक पक्की झाली. आईने पेढे वाटले. पीस सगळे चांगले होते, ग्राहकाकडून त्यातला एकही परत आला नाही, असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की त्याचा आता अर्थ उरलेला नाही.

पुढे मी वर चढत गेले. मागच्या वर्षी आमच्याकडे तारेने जोडलेले गेज आले. आकडा गेजमधून थेट टॅबवर जातो, कुणी काही लिहीत नाही. ते काम माझ्याकडे होतं आणि ते मी चोख केलं. त्याबद्दल माझा सत्कार झाला. हातात माइक आला आणि मी बोलून गेले, की यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, म्हणून मधला माणूस आपण काढून टाकला. टाळ्या पडल्या. मी खुर्चीत येऊन बसले आणि मला आठवलं की मधला माणूस मी खरंच काढून टाकला होता.

पुढच्या रविवारी सकाळी मी काळेवाडीला गेले. पत्ता बसच्या जुन्या ड्रायव्हरकडून मिळवला. पर्समध्ये कॅल्क्युलेटर होता; का घेतला ते मला सांगता आलं नसतं.

काकांच्या मुलाचं खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, वर दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली काकांचं आयटीआयचं प्रमाणपत्र. काकूंनी पाणी दिलं, त्या मला ओळखत नव्हत्या. काका ओळखत होते. बसा, मॅडम, म्हणाले. मॅडम ते मला कधीच म्हणत नसत.

मी सगळं सांगितलं. वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. एवढी मोठी गोष्ट चहा निवायच्या आत सांगून झाली याचीही मला लाज वाटली.

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

केव्हापासून, असं मी विचारलं.

"तुमी नळाकडं बघून हो म्हणालात तवाच."

मग मीटिंगमध्ये मोजलेलं आहे असं का म्हणालात, हे मी विचारायला नको होतं, पण विचारलं. काकांनी कप खाली ठेवला. "तुमी बोलाल म्हणून वाट बगत व्हतो," ते म्हणाले. "मी न्हाई मोजलं म्हणलो असतो, तर त्यांनी तुमाला विचारलं असतं. मला वाटलं, न विचारता बोलाल."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही, परतही केली नाही. मग जरा पुढे सरकून, जुन्या कामाच्या आवाजात त्यांनी सांगितलं, की बाकी समजलं, पण सोमवारचं आणि गुरुवारचं सारखं कसं आलं, तेवढं त्यांना अजून उमगलेलं नाही. मी यादीबद्दल सांगितलं, खड्ड्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, दाखवा.

मी पर्समधून कॅल्क्युलेटर काढला. रबर सोडलं, चारही सेल काढून हातात धरले, पुन्हा घातले. मेमरी पुसली गेल्याची पाटी आली. या वेळी मी ती नीट वाचली. प्रोग्राम तसाच होता, त्याच कप्प्यात. तो मी सुरू केला आणि बटणावर बोट ठेवलं.

"तीन," काका म्हणाले.

मी बटण दाबलं. तीन आला.

"उणे एक."

उणे एक आला. ते स्क्रीनकडे बघत नव्हते, त्यांच्या बाजूने ती दिसतही नव्हती. ते समोरच्या भिंतीकडे बघत, गेज हातात असल्यासारखे, एकेक आकडा मोठ्याने बोलत होते आणि मी दाबत होते. चार. शून्य. दोन. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पाच. एक. तीन. पुन्हा तीन. उणे दोन. माझं बोट थांबायला लागलं तेव्हा त्यांनी हातानेच पुढे अशी खूण केली. चार. सहा. दोन. एक. पाच.

मी सोळाव्यांदा बटण दाबलं. आकडा आला. काका गप्प होते. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"हितनं पुढं मी मोजलंय," ते म्हणाले.